वाचकांचे प्रश्न : रमी, क्रिकेट आणि पहिले पान

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी आणल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत खेळांपेक्षा वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांच्याविषयीच्या तक्रारीच अधिक आहेत. त्यांतील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. उत्तरांतील मते सदरलेखकाची आहेत.

प्रश्न : ज्या वृत्तपत्रात वर्षानुवर्षे रमीच्या आणि ड्रीम इलेव्हन या, खऱ्या खेळाडूंतून आपला संघ निवडून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळाच्या पानभर जाहिराती येत होत्या, त्यानेच बंदी येताच अग्रलेख लिहून तिचे स्वागत केले. माझा मुलगा म्हणतो की हे कौशल्याचे खेळ आहेत आणि न्यायालयानेच तसे सांगितले आहे. मी कोणाचे खरे मानू?
— एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : आपला मुलगा खोटे बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींनाही तोच न्याय लावला आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनच्या बाजूने निकाल दिला. परंतु लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ रोजी आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी मंजूर झालेल्या, तसेच २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने कौशल्य किती आणि नशीब किती हा वादच बाजूला सारला आहे. पैसे भरायचे आणि त्याच्या बदल्यात पैसे मिळण्याच्या आशेने खेळायचे, असे खेळाचे स्वरूप असेल तर तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी या कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिले आणि त्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

राहिला प्रश्न वृत्तपत्राचा. जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे असतात, हे उत्तर आपल्याला कोणीही देईल आणि ते काही प्रमाणात खरेही आहे. अग्रलेखात मत बदलले म्हणून मी कोणाला दोष देणार नाही. मला खटकले ते असे की, बंदीचे स्वागत करणाऱ्या एकाही अग्रलेखात ‘या जाहिरातींतून आम्हालाही उत्पन्न मिळत होते’ एवढे साधे वाक्य माझ्या वाचनात आले नाही. इतक्या मोठ्या धंद्यावर पडदा टाकणारे विधेयक दोन दिवसांत, सभागृहातील गोंधळात आणि आवाजी मतदानाने मंजूर झाले, यावरही फार थोड्यांनी लिहिले. बंदीच्या बाजूने असणाऱ्याने तर हे आधी विचारायला हवे होते, कारण घाईने केलेला कायदा न्यायालयात टिकवणे अवघड जाते.

वृत्तपत्रे आणि पैशाचे खेळ यांचे नाते तसे जुने आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकात अशी कोडी छापून येत. मुंबई राज्यातले वाचक प्रवेशमूल्य भरून उत्तरे पाठवीत आणि आधी पाकिटात मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला बक्षीस मिळे. मुंबई सरकारने त्यावर कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ साली न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापार नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मागता येणार नाही. ऑनलाइन खेळांच्या आजच्या खटल्यांतही याच निकालाचा आधार घेतला जातो. म्हणजे या प्रश्नावरचा आपला महत्त्वाचा न्यायालयीन निकाल मुळात एका नियतकालिकाच्या पानातून निघालेला आहे, याची आठवण वृत्तपत्रांनी तरी ठेवायला हरकत नव्हती.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने या खेळांत बरेच पैसे घालवले. त्याच्या मोबाइलमध्ये ‘रिक्षाचालक रातोरात करोडपती’ अशा बातम्यांची कात्रणे साठवलेली सापडली. अशा बातम्या छापणाऱ्यांवर काहीच जबाबदारी नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कायदेशीर जबाबदारी सिद्ध करणे कठीण आहे, कारण बातमी खोटी नसते. तो रिक्षाचालक खरा असतो, त्याला मिळालेले बक्षीसही खरे असते. दोष आहे तो बातमीत न सांगितलेल्या भागाचा.

समजा, शंभर जणांनी प्रत्येकी पन्नास रुपये भरून एका स्पर्धेत संघ लावले. जमा झाले पाच हजार. त्यातून कंपनीने स्वतःचे साडेसातशे काढून घेतले, तर बक्षिसांसाठी सव्वाचार हजार उरतात आणि त्यांतला मोठा वाटा वरच्या दोन-चार जणांकडे जातो. शंभर जणांचे मिळून साडेसातशे रुपये पहिला चेंडू पडण्याआधीच गेलेले असतात; मग कोणी कितीही अभ्यास करून संघ निवडो. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तो वेगळाच. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के आयकर मुळातच कापला जाऊ लागला, त्यामुळे बातमीतल्या ‘करोडपती’च्या हाती सत्तर लाखांच्या वर काही येत नव्हते. हा हिशेब मांडायला चार ओळी पुरतात. विजेत्याच्या घरी जाऊन पेढा भरवतानाचे छायाचित्र काढणाऱ्या वार्ताहराला त्या चार ओळी सुचू नयेत, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. त्याच स्पर्धेत पैसे घालवलेल्यांपैकी एकाचाही शोध घेतला गेला नाही, कारण हरलेला माणूस छायाचित्राला उभा राहत नाही.

आकड्यांची अशीच बेपर्वाई बंदीच्या बातम्यांतही दिसली. दरवर्षी ४५ कोटी लोक या खेळांत मिळून सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, हा सरकारचा अंदाज सर्वत्र जसाच्या तसा छापला गेला. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण साडेचारशे रुपये येतात, आणि ४५ कोटी म्हणजे देशातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस, त्यात तान्ही बाळेही आली. हा आकडा कसा काढला, हे विचारायला नको होते का? आपल्या भावासारख्यांनी घालवलेली मोठी रक्कम अशा सरासरीत पार दिसेनाशी होते आणि मग ज्याला खरी मदत हवी आहे त्याच्यासाठी काय करायचे, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. भावाची झोप उडाली असेल, तो निराशेचे बोलत असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तेथे मराठीतही बोलता येते. कर्ज फेडून दिले म्हणजे सवय सुटली असे कृपया समजू नका, आणि घरातल्यांनी त्याला कात्रणांवरून टोमणे मारणेही थांबवावे.

प्रश्न : मंत्र्यांच्या मोबाइलवरील रमीची चित्रफीत वाहिन्यांनी दिवसचे दिवस दाखवली. विरोधी पक्षाला फावले, हे ठीक. पण शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?
— एक शेतकरी वाचक, जालना जिल्हा

उत्तर : आपला रोख २० जुलै २०२५ रोजी आमदार रोहित पवार यांनी प्रसृत केलेल्या चित्रफितीकडे आहे. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसलेले असताना त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसत होता. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर मध्येच आलेली जाहिरात काढून टाकत होतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे यांच्याकडे क्रीडा खाते आले.

ही बातमी द्यायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सभागृहात बसलेला मंत्री काय करतो, हे पाहण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे. मात्र त्याच पावसाळी अधिवेशनात सरकारने लेखी उत्तरात सांगितले होते की जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. ते उत्तर आदल्या पंधरवड्यात एक दिवस गाजले आणि विरले. रमीच्या चित्रफितीवर चर्चा झडू लागल्या तेव्हा या आकड्याकडे परतून त्यांतल्या किती कुटुंबांना मदत मिळाली, किती प्रकरणे अपात्र ठरवली आणि कोणत्या कारणाने, हे विचारण्याची आयती संधी होती. बहुतेक चर्चांत मात्र मंत्र्यांचे बोट पडद्यावर नेमके कुठे होते, याचाच कीस पाडला गेला. याला मी निव्वळ आळस म्हणतो. चित्रफीत हातात असते, ती पुनःपुन्हा फिरवायला खर्च येत नाही. तालुक्याच्या गावी जाऊन तहसील कार्यालयातली प्रकरणे पाहायला माणूस, गाडी आणि तीन-चार दिवस लागतात.

मुद्दा अजून एक आहे. जाहिरात आपोआप आली, हे मंत्र्यांचे म्हणणे क्षणभर खरे धरले तर बातमी अधिक मोठी होते, कारण विधान परिषदेच्या बाकापर्यंत पोहोचलेली रमीची जाहिरात गावातल्या मुलाच्या मोबाइलपर्यंत किती वेळा पोहोचत असेल? त्या बाजूने बातमी पुढे नेलेली मला दिसली नाही.

प्रश्न : ऑनलाइन जुगार बंद आणि मांडवीतली कॅसिनोची जहाजे चालू, हा कुठला न्याय?
— एक वाचक, पणजी

उत्तर : न्याय नाही, अधिकारांची वाटणी आहे. जुगार हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतला विषय. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि पुढे जहाजांवरील कॅसिनोंना वाट करून दिली. केंद्राचा नवा कायदा केवळ ऑनलाइन खेळांपुरता आहे, आणि हा विषय केंद्राच्या अधिकारात येतो का, याबद्दलही कंपन्यांचा आक्षेप आहेच.

प्रश्न : माझा बारावीतला मुलगा मोबाइलवर बंदुकीचे खेळ खेळतो. तेही बंद झाले, असे एका वाहिनीवर ऐकले.
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : चुकीचे ऐकले, किंवा वाहिनीने घाईत चुकीचे सांगितले. पैसे जिंकण्याची आशा नसलेले खेळ आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ खेळांच्या रीतसर स्पर्धा, यांवर बंदी नाही. उलट ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देण्याची भाषा कायद्यातच आहे. मुलाच्या अभ्यासाचे काय, हा आपल्या घरचा प्रश्न आहे आणि तो आपण त्याच्याशी बोलून सोडवावा. सरकार बंद करील म्हणून वाट पाहू नये. त्या खेळांत शस्त्रे आणि पोशाख विकत घेण्यासाठी आपल्या खात्यातून किती रक्कम गेली, हे मात्र महिन्याच्या विवरणपत्रावर एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : परदेशातले क्रिकेटचे सामने पाहताना सीमारेषेवरच्या फलकांवर बातम्यांच्या संकेतस्थळांसारखी नावे दिसतात. त्यांच्या बातम्या कधी कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही. हा काय प्रकार आहे? आणि बातमीच्या वेशातली जाहिरात वृत्तपत्रात दिसली तर तक्रार कुठे करायची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सट्टा घेणाऱ्या परदेशी कंपन्यांची उघड जाहिरात भारतात चालत नाही, म्हणून त्या स्वतःच्याच नावाला ‘न्यूज’ किंवा ‘स्पोर्ट्स’ अशी शेपटी लावून क्रीडावृत्तांचे संकेतस्थळ उघडतात. बोधचिन्ह तेच, रंगही तेच. दोन-चार सामन्यांचे वृत्तान्त टाकले की काम झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना आणि डिजिटल प्रकाशकांना दिलेल्या सूचनेत हा प्रकार स्पष्ट शब्दांत नोंदवला आणि अशा जाहिराती न दाखवण्यास सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये वृत्तपत्रांनाही सट्ट्याच्या जाहिरातींबाबत पुन्हा बजावावे लागले, यावरून पहिल्या सूचनेचा परिणाम किती झाला ते समजते. बंदीनंतर ड्रीम इलेव्हनचे नाव भारतीय संघाच्या अंगावरून उतरले आणि सप्टेंबर २०२५ चा आशिया चषक आपला संघ प्रायोजकाच्या नावावाचून खेळला. बुकीकडून ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या संकेतस्थळावरचे खाते, घेऊन चालणारा व्यवहार मात्र मुळात कोणाच्या जर्सीवर नव्हताच. नोंदणी झालेल्या, कर भरणाऱ्या कंपन्या बंद झाल्यावर त्यांचे गिऱ्हाईक तिकडे वळते आहे का, याचा माग वृत्तपत्रांनी काढायला हवा. मला या बंदीच्या परिणामांतली ही सर्वांत महत्त्वाची बातमी वाटते.

वृत्तपत्रातल्या मजकुराविषयी म्हणाल, तर आधी पानाचे कोपरे पाहावेत. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘उपक्रम’ असा एखादा शब्द बारीक टाइपात बहुधा तेथेच दडवलेला असतो, आणि अक्षराचा टाइप शेजारच्या बातमीपेक्षा किंचित वेगळा असतो. तसे काहीच नसेल आणि मजकूर उघड उघड पैसे घेऊन छापलेला वाटत असेल, तर प्रथम संपादकांना पत्र लिहून आक्षेप कळवावा लागतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे, म्हणजे दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे, जाता येते. दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्धची तक्रार मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत आणि इतर नियतकालिकांविरुद्धची चार महिन्यांच्या आत पोहोचायला हवी. परिषद दंड करू शकत नाही. समज देणे, ताकीद देणे, निषेध नोंदवणे एवढेच तिच्या हाती आहे. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणचे संपादक तिच्या नोटिशीला पुरेसे बिचकतात, असा माझा अनुभव आहे. तक्रारीसोबत मूळ कात्रण आणि संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत लागते, म्हणून ते पत्र पोच मिळेल अशाच पद्धतीने पाठवावे.