स्पीड फुल, तरी गेम अडकतो

प्रश्न : घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, मोबाईलवर स्पीड टेस्ट मस्त येते, पण बेडरूममधल्या गेमिंग पीसीवर वायफायने व्हॅलोरंट खेळताना पिंग मध्येच ३० वरून ३०० वर जातो. प्लॅन वाढवू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्लॅनला हात लावू नका, गेमला स्पीड फार लागतच नाही, त्याला पिंग, म्हणजे डेटा समोर पोचून परत यायला लागणारा वेळ, स्थिर लागतो. आधी पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ping -t च्या पुढे राउटरचा पत्ता द्यायचा असतो, तो बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो, आणि आकडे बघत बसायचं. एक-दोन मिलिसेकंद सोडून तिथेच शंभर-दोनशे दिसले तर घोळ घरातल्या वायफायचाच, कंपनीला फोन करून उपयोग नाही. मग पीसी वायफायच्या २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर जोडा, बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे राउटर २.४ वरच गर्दी करतात. ५ ची रेंज भिंतीपलीकडे पटकन पडते हे मात्र खरं. आणि पीसीच्या कॅबिनेटच्या मागचे वायफायचे अँटेना नीट बसवलेत ना? बरेच जण ते बॉक्समध्येच ठेवतात, आणि पत्र्याचं कॅबिनेट भिंतीला चिकटवलं की सिग्नल गेलाच!

राउटरपर्यंतचा पिंग चांगला असेल तर घरात कुणाच्या फोनचं फोटो बॅकअप चालू आहे का बघा, अपलोड भरलं की गेमच्या डेटाचे पॅकेट रांगेत अडकतात. माझं मत विचाराल तर राउटरपासून पीसीपर्यंत सरळ कॅट ६ नेटवर्क केबल ओढा, बाकी सगळे उपाय त्यानंतरचे.