औषधी वनस्पतीने गर्भधारणेवर परिणाम होतो की नाही हे लॅबमध्ये कसं तपासतात?

आधी त्या झाडाचा जो भाग लोक वापरतात, मूळ, साल, बी जे काय असेल ते, त्याचा पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात आणि मग बहुतेक वेळा उंदरांवर नाहीतर रॅट्सवर टेस्ट करतात, कारण मादी रॅटची सायकल (माजाचं चक्र) फक्त 4-5 दिवसांची असते, त्यामुळे बदल पटकन कळतो. रोज सकाळी ड्रॉपरने सलाइनचे दोन-तीन थेंब योनीत सोडून परत ओढून घ्यायचे आणि स्लाइडवर बघायचं, केंद्रक नसलेल्या चपट्या पेशीच पेशी दिसल्या की ती माजावर आहे. अर्क दिल्यावर त्या पेशी वेळेवर दिसल्याच नाहीत तर सायकल बिघडली असं समजायचं.

दुसरी टेस्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नराबरोबर ठेवून सकाळी स्मिअरमध्ये (स्लाइडवर घेतलेल्या त्याच थेंबात) शुक्राणू दिसले की तो गर्भधारणेचा पहिला दिवस, मग ठरलेले दिवस अर्क द्यायचा आणि साधारण दहाव्या दिवशी गर्भाशयात किती गर्भ रुजलेत ते मोजायचं. अंडाशयातल्या पीतपिंडांवरून (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या पिवळसर गाठी) बीजं किती सुटली होती तेही कळतं, दोन्हीतला फरक म्हणजे रुजण्याआधी वाया गेलेली.

शेजारी नुसतं पाणी दिलेला कंट्रोल ग्रुप हवाच, आणि वजन घटतंय का तेही बघा, कारण मादी उपाशी राहिली तरी सायकल थांबते आणि दोष उगाच झाडावर येतो. आणि प्लीज, रॅटवरचा रिझल्ट वाचून कोणीही स्वतः काढा घेऊ नका, विशेषतः दिवस गेलेले असताना.