अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या पैशाचा हिशोब पालकांनी कसा बघायचा?

तुम्ही लिहिलंय की न्यूयॉर्क राज्यात राहता, ग्रीन कार्डवर आहात, स्कूल टॅक्स वाढतच चाललाय आणि तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बोर्डाला, म्हणजे तिच्या कारभारी मंडळाला, खर्चाबद्दल विचारलं की ते बजेटचं प्रेझेंटेशन पुढे करतात. मी लाँग आयलंडवर राहतो, मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रेझेंटेशनवर वेळ घालवू नका, त्यात पगाराला किती टक्के अन् बसला किती टक्के एवढंच असतं. पैसा नेमका कुणाच्या खिशात गेला ते वॉरंटमध्ये कळतं, म्हणजे डिस्ट्रिक्टने काढलेल्या चेकची यादी, चेक नंबर, व्हेंडरचं नाव, रक्कम, बजेट कोड. आमच्याकडे एका कन्सल्टंटला दर महिन्याला तेवढीच रक्कम जाताना दिसली, काँट्रॅक्ट मागवलं तर कामाचं वर्णन जेमतेम दीड ओळ! आम्ही काही पालकांनी बोर्ड मीटिंगमध्ये तेच लावून धरलं आणि पुढच्या वर्षी ते काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही.

हे सगळं का करायचं, तर इथलंच रॉझलिन डिस्ट्रिक्ट बघा. निकाल उत्तम, मुलं मोठमोठ्या कॉलेजात जाणारी, त्यामुळे सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, फ्रँक टॅसोनवर लोकांचा डोळे झाकून विश्वास. २००२ मध्ये तिथल्या बिझनेस ऑफिसच्या प्रमुख पॅमेला ग्लुकिन यांची चोरी बोर्डाला कळली होती, तरी पोलिसांत न जाता अडीच लाख डॉलर परत घेऊन गुपचूप राजीनामा घेतला, गावाला पत्ताच नाही. २००४ मध्ये निनावी पत्र फिरलं, शाळेतल्या मुलांच्या पेपरने बातमी छापली, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. राज्याच्या कंप्ट्रोलरच्या (सरकारी हिशोब तपासणारा अधिकारी) ऑडिटमध्ये आकडा निघाला १ कोटी १२ लाख डॉलर, त्यात कॉन्कॉर्डने लंडनला जाणंसुद्धा शाळेच्या पैशातून. टॅसोन आणि ग्लुकिन दोघंही तुरुंगात गेले, पण मला जास्त राग त्या दोन वर्षांच्या गप्प बसण्याचा येतो, कारण बाहेरचा ऑडिटर, बोर्ड सगळे होते आणि तरी कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर २००५ मध्ये राज्याने कायदा केला, बोर्ड मेंबरना पैशाच्या कारभाराचं ६ तासांचं ट्रेनिंग आलं, इंटर्नल ऑडिट आलं. म्हणून वॉरंटसोबत बाहेरच्या ऑडिटरचं मॅनेजमेंट लेटर पण मागा, त्यात काय काय चुकतंय ते लिहिलेलं असतं, आणि डिस्ट्रिक्टला ९० दिवसांत करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन, म्हणजे त्या चुका कशा सुधारणार ते, द्यावा लागतो, तोही मागा. कंप्ट्रोलरच्या साइटवर तुमच्या डिस्ट्रिक्टचं जुनं ऑडिट सापडतंय का तेही बघून घ्या.

मे महिन्यात बजेटवर मतदान असतं, त्यात सिटिझन नसल्याने तुम्हाला मत देता येणार नाही. पण माहितीचा अर्ज, ज्याला इथे सगळे फॉइल (FOIL, राज्याच्या माहिती अधिकार कायद्याचं लघुरूप) म्हणतात, तो कुणीही करू शकतं, व्हिसावरचा माणूससुद्धा. ईमेलने करा. ५ कामाच्या दिवसांत माहिती नाहीतर निदान पोच तरी यायला हवी, नकार आला तर ३० दिवसांत अपील करा. अर्जात "सगळा खर्च द्या" असं मोघम लिहू नका, कुठल्या महिन्यांचे वॉरंट आणि कुठल्या व्हेंडरचं काँट्रॅक्ट ते स्पष्ट लिहा. आणि मीटिंगमध्ये बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा एकच चेक, एकच आकडा घेऊन उभे राहा आणि उत्तर मीटिंगच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, नोंदवायला सांगा.