प्रॉम्प्ट सुधारणारं स्किल बसवण्याआधी

प्रश्न: एआय एजंटकडून मी कोड आणि ईमेलची कामं करून घेतो. प्रॉम्प्ट (एजंटला लिहून दिलेली सूचना) आपोआप सुधारून देणारं एक स्किल, म्हणजे एजंटला जोडायचं सूचनांचं फोल्डर, मिळालंय. फोल्डरमध्ये एक स्किल डॉट एमडी फाइल आणि दोन पायथन स्क्रिप्ट आहेत. अँटिव्हायरसला काही सापडलं नाही. बसवायला हरकत आहे का?

उत्तर: अँटिव्हायरसच्या निर्वाळ्यावर विसंबू नका. तो घातक प्रोग्रॅम हुडकतो. इथे धोका साध्यासुध्या वाक्यातही असतो, कारण एजंट ती वाक्यंच सूचना म्हणून पाळतो. शिवाय हे स्किल तुमच्या आणि मॉडेलच्या मधे बसतं, म्हणजे तुम्ही लिहिलेलं त्याच्या हातून जातं.

आधी स्किल डॉट एमडीच्या माथ्यावरचं डिस्क्रिप्शन वाचा. स्किल कधी वापरायचं ते एजंट त्यावरून ठरवतो. ‘सांगितल्यावर’ ठीक आहे, ‘प्रत्येक संदेशाआधी’ नको. ‘अलाउड-टूल्स’ची (कोणती साधनं वापरू द्यायची त्याची) ओळ असेल तर तीही पाहा. मजकूर नीट मांडायला शेल, म्हणजे संगणकावर कमांड चालवण्याची मुभा, कशाला लागते?

फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच उघडा. मार्कडाउन (एमडी फाइलची मांडणी) सजवून दाखवलं की एचटीएमएल कॉमेंट, म्हणजे त्यातल्या लपत्या टिपा, गायब होतात, एजंट मात्र त्या वाचतो. शून्य रुंदीची अक्षरं तर बऱ्याच एडिटरमध्येही दिसत नाहीत. त्यासाठी टर्मिनलमधल्या ‘डब्ल्यूसी’ कमांडने बाइट आणि अक्षरं वेगवेगळी मोजा. निव्वळ इंग्रजी फाइलमध्ये दोन्ही आकडे जुळतात. शून्य रुंदीचं एक अक्षर मात्र यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट खातं. वळणदार अवतरणचिन्हही तेवढेच खातं, त्यामुळे फरक दिसला की लगेच घाबरायचं नाही, तो कुठून आला ते शोधायचं.

स्क्रिप्टमध्ये रिक्वेस्ट्स (इंटरनेटशी संपर्क), सबप्रोसेस (दुसरे प्रोग्रॅम चालवणं), ओएस डॉट एन्व्हायरन (संगणकातल्या सेटिंग आणि गुप्त किल्ल्या वाचणं), बेस६४ (मजकुराचं रूप बदलणं) हे शब्द शोधा. स्किल ऐनवेळी एखाद्या वेब पत्त्यावरून सूचना आणत असेल तर ते सोडूनच द्या: आज वाचलेलं उद्या तेच राहील याची खात्री नाही.

आता चाचणी. इंटरनेट बंद केलेल्या कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत), खोट्या पासवर्डच्या फाइलसह स्किल चालवा. नेटवर्कशिवाय ते अडलं, किंवा त्या फाइलला हात लावला, तर निकाल लागला. मॉडेल दूरच्या सर्व्हरवर असेल तर फक्त त्याचाच पत्ता खुला ठेवा.

एवढं करून बहुतेकजण थांबतात, पण प्रामाणिक स्किलही नुकसान करतं. ‘जुन्या नोंदी आवर, पण काही पुसू नकोस आणि बदल करण्याआधी मला विचार’ हा प्रॉम्प्ट ‘सुधारून’ ‘कालबाह्य नोंदी पद्धतशीर काढून टाक’ असा होऊ शकतो. भाषा चकचकीत होते नि नकार गळतो. म्हणून मनाई, मर्यादा आणि ‘आधी मला विचार’ असलेले दहा-बारा प्रॉम्प्ट देऊन मूळ आणि नवा मजकूर शेजारी ठेवून ताडा. एकही अट गळाली, किंवा ‘न विचारता पुढे जा’ अशी भर पडली, तर स्किल नापास. पास झालं तरी सुधारलेला प्रॉम्प्ट तुम्हाला दाखवून मगच चालवण्याची सोय हवी.

प्रश्न: पण कोड ठेवण्याच्या साइटवर त्याला हजारो स्टार (लोकांची पसंती) आहेत आणि ते वरचेवर अपडेट होतं.

उत्तर: स्टार विकत मिळतात. अपडेट तर उलट काळजीचं: तपासलेल्या कमिटचा (कोडच्या त्या नोंदवलेल्या आवृत्तीचा) ४० अक्षरी हॅश, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, नोंदवून तीच आवृत्ती बसवा, आपोआप अपडेट बंद ठेवा. नवी आवृत्ती आली की फक्त बदललेल्या ओळी वाचा आणि तेच दहा-बारा प्रॉम्प्ट पुन्हा चालवा.