मेनोपॉजमध्ये रोजच्या सवयी बदलून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण सगळ्याच त्रासात सारखा नाही. तुम्ही लिहिलंय की ४८ व्या वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागलीय आणि रात्री घामाने झोपमोड होते, तर आधी घामाचंच सांगते, मलाही त्यानेच सगळ्यात जास्त छळलं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फार हळवा होतो, अंग जरासं तापलं तरी त्याला खूप वाटतं, मग चेहरा लालबुंद, मानेवरून धारा आणि दोन-चार मिनिटांनी उलट हुडहुडी. मी उशाशी एक कोरडा सुती गाऊन ठेवायचे आणि जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ घ्यायचे, म्हणजे झोपेतच त्यातलं एक, पायाने ढकलता यायचं. कॉफी, तिखट, दारू यातलं तुम्हाला काय बाधतं ते पंधरा दिवस वहीत लिहून बघा, प्रत्येकीचं वेगळं असतं. सिगारेट असेल तर ती मात्र सोडाच.

व्यायामाने घाम थांबेलच असं नाही, पण हाडं, झोप आणि मूड यांच्यासाठी तो हवाच हवा, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनं उचलणं. कॅल्शियम, प्रोटीन जेवणातूनच बघा.

एवढं करूनही भागत नसेल तर सहन करत बसू नका हो, हॉर्मोन थेरपीबद्दल, म्हणजे कमी झालेलं हॉर्मोन औषधाने देण्याबद्दल, डॉक्टरांना बिनधास्त विचारा. आणि सलग १२ महिने पाळी बंद राहून नंतर थोडंसं जरी रक्त दिसलं तरी लगेच तपासून घ्या.