जस्त मोरचुदातून तांबं बाहेर काढतं, तेव्हा सुटणारी उष्णता येते कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात जस्ताची पूड टाकली की भांडं तापतं आणि तांबं तळाशी बसतं, उलट झिंक सल्फेटच्या द्रावणात तांब्याची पट्टी कितीही वेळ ठेवली तरी ढिम्म काही होत नाही. सल्फेट दोन्हीकडे तेच. मग ही ऊर्जा येते कुठून? आणि तापवून अभिक्रिया उलटी फिरवता येईल का?

मी रसायनशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो. याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘जस्त तांब्यापेक्षा अधिक अभिक्रियाशील आहे’. पण तो खुलासा नव्हे. जे डोळ्यांना दिसलं तेच त्यात वेगळ्या शब्दांत सांगितलंय.

सल्फेटचं तुम्ही बरोबर हेरलंत. ते आधीही पाण्यात सुटं असतं, नंतरही सुटंच राहतं. हिशेबात दोन्ही बाजूंनी कटतं. खरा व्यवहार एवढाच: जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतो, तांब्याचा आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला, भारित अणू) ते घेऊन धातू होतो. यात दर मोलमागे (मोल म्हणजे अणू मोजायचं ठरलेलं मोठं एकक) सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता सुटते. हे मोजून बघण्यासारखं आहे. थर्मोकोलच्या कपात १०० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात ५ ग्रॅम मोरचूद पूर्ण विरघळवा आणि दोनेक ग्रॅम जस्ताची पूड थोडी थोडी टाकत ढवळत राहा. तापमान साधारण १० अंशांनी चढायला हवं. कपातून थोडी उष्णता निसटतेच, म्हणून जरा कमी भरेल. निळा रंग फिका पडत जातो. तांबं आधी चकचकीत दिसत नाही, काळपट-तपकिरी भुशासारखं दिसतं, कारण कण फार बारीक असतात. मधूनच बारीक बुडबुडेही दिसतील. मोरचुदाचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे थोडा हायड्रोजन सुटतो.

आता हिशेब. धातूचा आयन पाण्यात जाण्याचे तीन टप्पे कल्पा: घन धातूतून अणू सुटा करायचा, त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढायचे आणि तयार झालेला आयन पाण्याच्या रेणूंनी वेढू द्यायचा. पहिल्या दोन टप्प्यांत ऊर्जा खर्च होते, तिसऱ्यात परत मिळते. इलेक्ट्रॉन काढायला जस्ताला मोलमागे सुमारे २६४० किलोज्यूल लागतात, तांब्याला २७०३. फरक ६४ च्या आसपास. ‘जस्त इलेक्ट्रॉन सहज सोडतं’ हे वाक्य एवढ्याच फरकावर उभं आहे. पाण्याने वेढलं जाताना तर तांब्याचा आयन जस्ताच्या आयनापेक्षा साधारण ५२ किलोज्यूल जास्त परत मिळवतो. म्हणजे हे दोन टप्पे एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. उरला पहिला टप्पा. जस्ताचा अणू घन धातूतून सोडवायला १३० किलोज्यूल पुरतात, तांब्याला ३३७ लागतात! फरक २०७. त्यात ६४ मिळवा, ५२ वजा करा, आले २१९.

म्हणून माझं उत्तर असं: ही उष्णता मुख्यतः तांब्याच्या घट्ट धात्विक बंधातून येते. तांब्याचे अणू एकमेकांना धरून बसतात तेव्हा ती सुटते. जस्ताच्या अणूंची पकड मुळात ढिली असते, त्यामुळे ती मोडायला फारसं काही खर्चावं लागत नाही. जस्ताचं डी-कवच (इलेक्ट्रॉनांचा एक आतला थर) पूर्ण भरलेलं, खोल आणि बंधाबाहेर राहिलेलं. तांब्याचे डी-इलेक्ट्रॉन मात्र बंधात भाग घेतात. अभिक्रियाशीलता श्रेणी (कोणता धातू कोणाला हटवतो त्याची क्रमवारी) पाठ करताना आपलं सगळं लक्ष इलेक्ट्रॉन देणाऱ्या धातूकडे असतं. इथे खाली बसणाऱ्या धातूकडे बघायला हवं.

मात्र अभिक्रियेची दिशा नुसत्या उष्णतेवर ठरत नाही, मुक्त ऊर्जेवर, म्हणजे ज्या ऊर्जेतून काम करून घेता येतं तिच्यावर ठरते. जस्त-तांब्याच्या जोडीत एन्ट्रॉपीचा (कणांच्या विखुरलेपणाच्या मापाचा) बदल अगदी किरकोळ आहे, मोलमागे केल्व्हिनला सुमारे उणे २१ ज्यूल. त्यामुळे २५ अंश सेल्सिअसला मुक्त ऊर्जा उणे २१२ किलोज्यूल, म्हणजे उष्णतेच्या आकड्याला जवळजवळ चिकटूनच. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली बनवलेल्या विद्युत घटात हीच अभिक्रिया १.१० व्होल्ट देते. भांड्यात सगळे २१९ किलोज्यूल उष्णता म्हणून वाया जातात. घटातून संथपणे काम करून घेतलं तर त्यातले २१२ पर्यंत विजेच्या रूपात मिळू शकतात.

तांबं आणि सिल्व्हर नायट्रेटची जोडी याहून वेगळी वागते. तिथे उष्णता १४६ किलोज्यूल सुटते, पण मुक्त ऊर्जा फक्त उणे ८९. मधले ५७ एन्ट्रॉपी गिळते. चांदीचे दोन आयन पाण्यातून जातात आणि त्यांच्या जागी तांब्याचा एकच येतो, तोही दुहेरी भाराचा, भोवतीच्या पाण्याला घट्ट बांधून ठेवणारा. द्रावणातली मोकळीक कमी होते. म्हणून तापवलं तर या घटाचा व्होल्टेज अंशामागे सुमारे १ मिलिव्होल्टने घसरतो; डॅनियल घटाचा त्याच्या जेमतेम दहाव्या भागाने.

आता उलट फिरवण्याबद्दल. जस्त-तांब्याच्या बाबतीत नुसत्या तापवण्याने ते जमणार नाही. एवढ्याशा एन्ट्रॉपीने २१९ किलोज्यूलची भरपाई करायची तर आकडेमोडीत १०,००० केल्व्हिनच्या पुढे जावं लागतं, आणि तिथे द्रावण कसलं! संहती (द्रावणाची तीव्रता) बदलूनही नाही: समतोल स्थिरांक, म्हणजे अभिक्रिया थांबल्यावर जस्ताचे आयन तांब्याच्या किती पट असतात तो आकडा, १ वर ३७ शून्यांच्या घरात आहे. जस्ताच्या एक मोलर (लिटरमागे एक मोल) द्रावणात समतोलाला तांब्याचा एखादा आयन शोधायचा तर वीस-तीस घन किलोमीटर पाणी चाळावं लागेल.

पण प्रत्येक जोडी इतकी एकतर्फी नसते. कथिल आणि शिसं यांच्या प्रमाण विभवांत (धातू किती सहज इलेक्ट्रॉन देतो याच्या व्होल्टमधल्या मापांत) जेमतेम ०.०१ व्होल्टचा फरक आहे, समतोल स्थिरांक २ च्या आसपास. कथिल शिशाचे आयन थोडे बाहेर काढतं आणि अर्ध्यात थांबतं. द्रावणात कथिलाचे आयन भरपूर आणि शिशाचे कमी ठेवले तर शिसंच कथिलाला बाहेर काढू लागतं. तिथे दिशा संहती ठरवते.

तापवून श्रेणी उलटवणं मात्र खरोखर होतं, फक्त पाण्याबाहेर. पाण्यातल्या विभवांप्रमाणे पोटॅशियम उणे २.९३ व्होल्ट आणि सोडियम उणे २.७१, म्हणजे सोडियमने पोटॅशियमला हटवू नये. तरीही कारखान्यात पोटॅशियम नेमकं असंच मिळवतात: साधारण ८५० अंशांवर वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडमधून सोडियमची वाफ सोडून. पोटॅशियम ७५९ अंशांना उकळतं, सोडियम ८८३ ला. त्यामुळे तयार होणारं थोडं थोडं पोटॅशियम वाफ होऊन वर निघून जात राहतं, आणि समतोलाला त्या बाजूला सरकत राहण्यावाचून पर्याय उरत नाही.