मुलीची पुरुषभूमिका आणि आईची काळजी

डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलने आटोपतात, जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो आणि त्याच सुमारास एक ठरावीक काळजी घेऊन एखादी तरी आई माझ्याकडे समुपदेशनासाठी येते. मुलींच्या शाळेत नाटकातला बाप, आजोबा, सावकार, हवालदार, सगळे मुलीच करतात. त्यामुळे जिची उंची थोडी अधिक किंवा आवाज थोडा भरदार, तिच्या वाट्याला मिशी येते. महिनाभराच्या तालमी होतात, प्रयोग होतो आणि त्यानंतर मला ऐकू येणारे वाक्य फारसे बदलत नाही : "मॅडम, नाटकात पुरुषाचं काम केल्यापासून पोरगी मुलासारखी वागायलीय."

या वाक्याला माझ्याकडे बरीच वर्षे एक तयार उत्तर होते. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) वर्षानुवर्षे स्त्रीभूमिका केल्या आणि घरोघरच्या स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करू लागल्या, त्याचे आपण आजही कौतुक करतो. मग आपल्या मुलीने दहा मिनिटे धोतर नेसले तर एवढे घाबरायचे कशाला? उत्तरात चूक काही नव्हती. आया मान डोलावत आणि आणलेली काळजी तशीच परत घेऊन जात. रेवतीच्या आईमुळे मला त्या उत्तराच्या पलीकडे जावे लागले. (नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत.)

रेवती नववीत होती. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आई घरी शालेय गणवेशांची शिलाई घेणारी. मुलीचे शिक्षण थांबवायला निघालेला बाप रेवतीने नाटकात रंगवला होता आणि त्याचा सदरा आईनेच नवऱ्याच्या जुन्या शर्टातून बेतून दिला होता. पहिल्या भेटीत आईने तक्रारी मोजून सांगितल्या : पाय फाकवून बसते, आवाज चढवून बोलते, ताट पुढे सरकवून "भाकरी" एवढेच म्हणते. रेवती शेजारी बसून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"हे नेमके कधीपासून वाटू लागले?" मी विचारले.

"नाटकाच्या दिवसापासून. मी तिसऱ्या रांगेत होते. सगळे हसायले होते, मला काही हसू आलं नाही."

हे वाक्य मी नोंदवहीत अधोरेखित केले, पण त्या दिवशी उकरले नाही. आपण बोललेल्या वाक्यापर्यंत पोहोचायला माणसाला थोडा अवधी लागतो आणि समुपदेशकाने तिथे आधीच जाऊन उभे राहू नये, असे माझे मत आहे.

माझा कल कोणीकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात बागेतल्या मुलांकडून गोष्टींचा अभिनय करून घेणारे आणि पुढे नाट्याधारित उपचाराचा पाया घालणारे जेकब मोरेनो (१८८९–१९७४) यांच्यावर माझा विश्वास आहे. घरातल्या प्रसंगाविषयी तासभर बोलण्यापेक्षा तो प्रसंग पाच मिनिटे करून दाखवला तर अधिक हाती लागते, हा माझा अनुभव आहे. म्हणून तिसऱ्या भेटीत मी रेवतीला म्हटले, "तो प्रवेश इथे कर. आई तुझी मुलगी होईल."

रेवती उठून सतरंजीवर बसली. कोणाकडेही न पाहता तिने माझ्या टेबलावरचा स्टीलचा रिकामा ग्लास घेतला आणि जमिनीवर दोनदा आपटला. टक्, टक्. आई खुर्चीतून अर्धी उठली होती आणि तिचा हात पाण्याच्या जगपर्यंत पोहोचला होता, तेव्हा तिच्या लक्षात आले की नाटक चालू आहे. ती तशीच अर्धवट उभी राहिली. मग बसली आणि बराच वेळ त्या ग्लासाकडे पाहत राहिली.

"मॅडम, ही मुलासारखी नाही वागत," ती म्हणाली. "ही ह्यांच्यासारखी वागतीय."

रेवतीने ओढणी सोडली. "बाईंनीच सांगितलं होतं, बाप कसा असतो ते घरी बघून या. मी बघितलं. आई, मशीन चालू असलं तरी तू उठतीस."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण फार वाट्याला येत नाहीत. तो उलगडा माझ्या सुचवण्यावरून झाला नसता, त्या ग्लासामुळे झाला, हे मान्य करूनही प्रवेश खोलीत करून घेण्याचा निर्णय माझा होता, याचे मला समाधान आहे. आईला मुलीतले पुरुषीपण खुपत नव्हते. घरात रोज घडणारी गोष्ट तिसऱ्या रांगेतून, परक्या हशासह, पहिल्यांदा दिसली होती आणि ते दिसणे तिला सोसवत नव्हते.

नंतर आईनेच नवऱ्याची बाजू मांडली, ती मला महत्त्वाची वाटते. बारा तास मागांच्या खडखडाटात बोललेले कोणाला ऐकू जात नाही, तिथे सगळे खुणेने चालते. घरी आल्यावर ती खूण तशीच राहते. रेवतीला हे ठाऊक नव्हते. भूमिकेचे निरीक्षण तिने चोख केले होते, त्यामागचे कारण मात्र तिच्या नजरेतून सुटले होते.

म्हणून अशा आयांना मी आता आधी एवढेच विचारते : मुलगी नेमके कोणासारखी वागते आहे? 'मुलासारखी' हा शब्द बाजूला ठेवून लकब ओळखायचा प्रयत्न करा. बहुतेक वेळा ती घरातलीच निघते. तालीम संपली की मुलीला भूमिका उतरवायला वेळ द्या. तोंड धुणे, केस मोकळे करणे, स्वतःच्या नावाने हाक ऐकणे, एवढ्याने पुष्कळ होते. पण मिशीचे काजळ पुसायच्या आतच घरचे बोल लावू लागले, तर ती मुलगी चिडून त्याच भूमिकेत अडकून राहते.

नाटक बसवणाऱ्या शिक्षिकांनाही माझे सांगणे आहे. उंच मुलीलाच दरवर्षी पुरुष करू नका. वर्गात तिला "भाऊ" म्हणून चिडवणे सुरू होते आणि त्या चिडवण्याचा त्रास भूमिकेपेक्षा कितीतरी जास्त असतो. जाड आवाजासाठी गळा दाबून बोलायला लावू नका, घसा बसतो. पुरुष उभा करायला चाल, नजर आणि बोलण्याची गती पुरते. आपण मुलगी असण्याविषयीच एखादी मुलगी कित्येक महिने अस्वस्थ असेल, झोप आणि जेवण बिघडले असेल, तर तो विषय वेगळा आहे. ते नाटकाने लागत नाही आणि नाटक बंद केल्याने जातही नाही. तिच्याशी शांतपणे, दोष न देता बोलावे लागते आणि गरज पडल्यास जाणकाराची मदत घ्यावी लागते.

फेब्रुवारीत शाळेने तोच प्रयोग पुन्हा केला. शाळेतल्या प्लॅस्टिकच्या ग्लासाचा आवाज मागपर्यंत जात नाही, म्हणून बाईंनी घरून स्टीलचा आणायला सांगितला. आईने वडिलांचाच ग्लास दिला. त्याच संध्याकाळी पाळी संपवून आलेल्या वडिलांचा हात सवयीने बाजूला गेला, तिथे काही नव्हते, आणि त्यांना तोंड उघडावे लागले : "माझा ग्लास कुठाय?"

"नाटकात गेलाय," रेवती म्हणाली.

आईने हे मला फोनवर सांगितले, तेव्हा मागे शिलाईचे मशीन बंद होते.